चाळीस तारांचं ओझं

जुन्या घडणीच्या सायकलीच्या पुढच्या चाकाला ३२ तारा असतात आणि मागच्याला ४०. कुठे उभी दिसली तर मोजून पाहा. हर्क्युलस, रॅले, हंबर, नंतरची अ‍ॅटलस, हिरो, सगळ्यांचा हिशेब एकच. मागच्या चाकाला आठ तारा वाढवून देणाऱ्या विलायती कारागिराच्या मनात फार तर सीटवर बसलेला एखादा जाडजूड पाद्री असेल. त्या आठ तारांच्या भरवशावर वर्ध्याच्या रस्त्यांनी दुधाचे चार-चार कॅन, तुरीची चुंगडी, ढेपेचं पोतं, कडब्याचा भारा आणि वेळ पडली तर सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायचा तापानं फणफणलेला माणूस वाहिला जाईल, हे त्याच्या गावीही नसणार.

वर्ध्याच्या गांधीयुगावर पुष्कळ लिहून झालं आहे. कोणती बैठक कधी झाली, ठराव कोणी मांडला, कोण कोणावर रुसलं, सगळ्याची नोंद आहे. त्याच काळात या गावात भाजी, दूध, तेल, दाणे कशावर लादून येत होते, याकडे मात्र कोणी ढुंकून पाहिलं नाही. चाक म्हटलं की वर्ध्यात चरख्याचंच चाक. दुसरं एक चाक त्याच्या शेजारून, कॅरिअरवर चुंगडी घेऊन, मुकाट्यानं जात होतं.

गाव तसं नवं. १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याशी ते आखून वसवलं गेलं. पुढच्याच वर्षी मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली आणि आजूबाजूच्या तालुक्यांचा कापूस वर्ध्याकडे वळला. जिनिंग आले, प्रेसिंग आले, गाठी बांधून डब्यात चढू लागल्या. मोठं ओझं हलवायची सोय इथे पहिल्यापासून चांगली होती, आणि तिचं अर्धं श्रेय गौळाऊ बैलाचं. आर्वी-कारंज्याच्या डोंगराळ पट्ट्यातलं हे पांढरं, सडपातळ, चपळ जनावर. मराठ्यांच्या फौजांची रसद डोंगरवाटांनी झपाट्यानं हलवता यावी म्हणून ही जात जोपासली गेली, असं पशुपालनाच्या पुस्तकांतून सांगतात. माणसांसाठी दमणी आणि रेंगी, मालासाठी खासर. सगळ्यांना जुंपलेला गौळाऊ.

पण खासर जुंपायचं तर माल खासरभर हवा. दोन पायल्या तूर विकायला कोणी बैल जुंपत नाही. म्हणजे ओझ्याची मापं दोनच : गाडीभर आणि डोईभर. मधलं काही नाही. गाडीभर ओझं पुरुषाचं, डोईभर ओझं बाईचं. वीस-पंचवीस किलोचं टोपलं चुंबळीवर ठेवून बाई पहाटे निघायची, दोन-अडीच कोस चालायची, बाजारात विकायची आणि तेवढंच परत. नकाशावर वर्ध्याभोवती पाच मैलांचं वर्तुळ काढा. बाईच्या डोक्याचा बाजार त्या वर्तुळात संपत होता. त्यापलीकडच्या गावात वांगी पिकत नव्हती असं नाही. पिकत होती, गावातच खाल्ली जात होती आणि उरली तर गाईपुढे जात होती.

हा पाच मैलांचा आकडा वर्ध्याच्या गोष्टीत पुन्हा भेटतो. घर बांधावं ते पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या साहित्यातून, असं गांधीजींनी आपल्याला सांगितल्याची आठवण लॉरी बेकर या वास्तुतज्ज्ञानं नोंदवून ठेवली आहे. खुद्द सेगाव, म्हणजे पुढचं सेवाग्राम, वर्ध्यापासून तेवढंच, पाच मैल आणि थोडं वर.

१९३४ च्या डिसेंबरात वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. अध्यक्ष श्रीकृष्णदास जाजू, चिटणीस जे. सी. कुमारप्पा, जागा जमनालाल बजाजांच्या बागेतली, जिला मगनलाल गांधींच्या नावावरून मगनवाडी म्हणू लागले. गांधीजी आधी तिथेच राहिले. शेजारच्या सिंदी गावात सकाळी बादल्या घेऊन मैला उचलायला जात. मग ३० एप्रिल १९३६ ला, म्हणजे वर्ध्याचं ऊन डोक्यावर धरून, ते चालत सेगावला गेले आणि तिथेच राहिले.

आता एका ओझ्याची अडचण उभी राहिली आणि ते ओझं होतं कागदाचं. देशभरची पत्रं गांधीजींच्या नावानं येणार, माणूस बसला सेगावात आणि त्यांचे चिटणीस महादेवभाई देसाई राहतात मगनवाडीत. महादेवभाई रोज मगनवाडीहून पायी सेगावला जात आणि पायीच परत येत. अकरा मैल. कधी कधी दिवसातून दोनदा. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ च्या वरही जातो, आणि या माणसाला लिखाणाचं काम चालण्याच्या आधी आणि नंतर करायचं होतं. पुढे त्यांची प्रकृती ढासळली, ती का, हे सांगायला वैद्य लागत नाही. त्यात सेगाव आणि बुलढाण्याकडचं शेगाव यांच्या नावांचा घोळ. बापूंचं टपाल गजानन महाराजांच्या गावी जाऊन यायचं. शेवटी १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. एका गावाचं नाव टपालाच्या गोंधळातून बदलावं, ही गोष्ट मला फार आवडते.

पावसाळ्यात तर रस्ता म्हणजे निव्वळ काळी माती. ज्यांनी ही माती पायानं तुडवलेली नाही त्यांना सांगून कळायचं नाही. ती ओली झाली की फुगते, चिकटते, आणि चिकटली की वाढत जाते. सायकल तिच्यात घातली की दहा-वीस पावलांत टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखलाची गच्च पाचर बसते आणि चाक फिरायचं थांबतं. तुराटीची काडी कॅरिअरला खोचलेली असे, तिनं उकरायचं, पुन्हा दहा पावलं, पुन्हा उकरायचं. कंटाळून माणूस सायकल खांद्यावर घ्यायचा. वीस किलोची सायकल, चार-पाच किलो चिखल आणि वर सामान असेल ते. आमच्याकडचे जुने लोक म्हणत, ‘‘उन्हाळ्यात आपण सायकलीवर, पावसाळ्यात सायकल आपल्यावर.’’ शहाणे शेतकरी मृग लागला की दोन्ही मडगार्ड खोलून माळ्यावर टाकत. अंगावर चिखलाचे शिंतोडे उडाले तरी चालतील, चाक फिरलं पाहिजे.

जमनालालजींनी या रस्त्यावर वेगळी युक्ती लढवली होती. इंजिनाचा उपयोग नाही अशी फोर्ड मोटार, पुढे बैलजोडी. तिला ‘ऑक्सफर्ड’ म्हणत. ऑक्स म्हणजे बैल आणि पुढे फोर्ड. पाहुण्यांची ने-आण तिच्यातून होई, असं जुनी मंडळी हसत हसत सांगत. विनोद चांगला आहे, पण त्यात त्या काळाचं चित्रही आहे. एकीकडे बैल, दुसरीकडे मोटार, आणि सगळा वाद या दोघांत. यंत्राविषयी गांधीजींची मतं काय, शिवणयंत्राला त्यांनी अपवाद का मानलं, यावर लोक आजही तावातावानं बोलतात. सायकल या वादाच्या कडेकडेनं घंटी वाजवत निघून गेली. ती विलायतेहून येत होती, तिचं टायर मलायाच्या रबराचं होतं, म्हणजे स्वदेशीच्या कुठल्याच चाळणीतून ती गळून पडायला हवी होती. पण ती कोणाचं पोट मारत नव्हती, तेल मागत नव्हती आणि गवतही खात नव्हती. तिच्यावर आक्षेप घ्यायला सवड कोणाला होती?

सुरुवातीला ती मास्तरांकडे, जिनातल्या मुनीमजींकडे, डॉक्टरकडे, तारवाल्याकडे. पाठीवर ओझं म्हणजे फार तर कॅरिअरच्या चिमट्यात अडकवलेली पिशवी. ज्याच्याकडे नव्हती त्याला तासावर मिळायची. आमच्याकडे भाड्याला किराया म्हणतात. किराणा आणायला किरायाची सायकल, असं आम्ही पोट्टे एका दमात म्हणायचो आणि जीभ वळायची नाही.

मग युद्ध आलं. १९४१ च्या डिसेंबरात जपानी फौजा मलायात उतरल्या आणि दोन महिने-दहा दिवसांत सिंगापूरपर्यंत पोचल्या, त्या पुष्कळशा सायकलींवर. सैनिक, बंदूक, शिधा, सगळं सायकलीवर लादून. टायर फाटली तर नुसत्या लोखंडी रिमांवर चालवत, आणि रात्रीच्या अंधारात तो खडखडाट ऐकून समोरच्यांना रणगाडे आल्यासारखं वाटे, अशा हकिगती त्या मोहिमेवर लिहिणाऱ्यांनी दिल्या आहेत. मलाया पडला आणि जगातल्या रबराचा मोठा हिस्सा जपानच्या हाती गेला. मार्चमध्ये रंगून पडलं, ब्रह्मदेशचं रॉकेल गेलं, तांदूळ गेला. १४ जुलै १९४२ ला वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीनं इंग्रजांनी जावं असा ठराव केला, तेव्हा गावातल्या सायकलवाल्यांपुढे टायर कुठून आणायचं हाही प्रश्न होताच. ऑगस्टच्या १६ तारखेला नागपंचमीच्या दिवशी आष्टीला पोलीस ठाण्यावर जे रण झालं, ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच पावसाळ्यात जुन्या टायरच्या आत दुसऱ्या टायरचा तुकडा, ज्याला गेटर म्हणतात, तो घालून लोक कशीबशी चाकं फिरवत होते. एका टायरात तीन-तीन गेटर. चाक फिरताना टुण-टुण उड्या मारायचं. सायकलीचा दिवा रॉकेलवर जळायचा, आणि रॉकेल तर कंदिलालाच पुरत नव्हतं.

ओझ्याचा खरा इतिहास मात्र युद्धानंतरचा. मुंबईत हिंद सायकलचा कारखाना आधीच निघाला होता. १९४९ मध्ये मद्रासकडे टी. आय. सायकल्स, मग बंगालात सेन-रॅले, १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलस, १९५६ मध्ये लुधियान्यात हिरो. मास्तरांनी नवी सायकल घेतली की जुनी गावाकडे सरकू लागली. मास्तरांची जुनी, तिसऱ्या हाताची, सीटचं कातडं फाटलेली सायकल ज्या दिवशी सेलू, देवळी किंवा पवनारकडच्या एखाद्या दूधवाल्याच्या हाती आली, त्या दिवशी तिचा दुसरा जन्म झाला.

सायकलीला हमाल कसं बनवत, ते मी जवळून पाहिलं आहे. पहिलं काम लोहाराचं. मूळ कॅरिअर काढून टाकायचं आणि कोनाच्या पट्टीचं जाड कॅरिअर बसवायचं, त्याच्या चार टोकांना खाली वळवलेल्या कड्या. कड्यांत कॅनच्या मुठी अडकतात. नुसता एका बाजूचा स्टॅण्ड ओझं धरत नाही, म्हणून दोन्ही बाजूंचा रुंद लोखंडी स्टॅण्ड, ज्याच्यावर मागचं चाक अधांतरी उभं राहतं. पुढच्या चिमट्याला आधाराच्या दोन सळया, कारण ओझ्यानं ब्रेक दाबला की चिमटा मागे वाकतो. मागच्या टायरात हवा इतकी की अंगठा दाबला तर दुखावा. आणि फ्रीव्हीलमधली कुत्री, म्हणजे त्या दोन इवल्याशा लोखंडी खिट्ट्या ज्या दात पकडतात, ती दर चार-सहा महिन्यांनी बदलायची. ओझ्याच्या सायकलीचं कुत्रं घसरलं की पायडल हवेत फिरतं आणि माणूस दांड्यावर येतो. हा अनुभव पुरुषानं आयुष्यात एकदाच घ्यावा.

मग लादणं. वीस लिटरचे दोन कॅन मागे दोन बाजूंना, दहा लिटरचे दोन हँडलला. साठ लिटर दूध, त्याचंच वजन ६२ किलो होतं, वर कॅनचं लोखंड. एकेक करून लादता येत नाही. डावीकडचा कॅन आधी अडकवला तर सायकल त्या अंगाला कोसळते. म्हणून घरचं कोणीतरी दुसऱ्या अंगाला हवं, आणि ते बहुतेक घरातली बाई असायची. ‘‘धर... सोड.’’ एवढे दोनच शब्द. उतरवतानाही तसंच, फक्त तिथे दुसऱ्या अंगाला गिऱ्हाईक. वरून कॅरिअरच्या मधोमध रिकामी चुंगडी घडी करून ठेवलेली, कारण येताना ढेप आणायची असते. सायकल रिकामी परत आली तर अर्धी मजुरी बुडाली, हे गणित ट्रकवाल्यांच्या कितीतरी आधी दूधवाल्यांना पाठ होतं.

माझे वडील ओझ्याच्या बाबतीत फार काटेकोर. वजन जितकं खाली आणि जितकं मधे, तितकी सायकल शहाणी, असं ते म्हणायचे. पोतं कॅरिअरवर आडवं टाकलं तर पुढचं चाक हलकं होतं, हँडल डगमगतं. तेच पोतं दांड्याखालच्या तिकोनात उभं बसवलं आणि माणूस पायी शेजारून चालला तर सायकल म्हशीसारखी निवांत येते. हे मला त्यांनी मी सातवीत असताना सांगितलं आणि मी ऐकलं नाही. वीस किलो गहू दळून आणायचा होता. गिरणीवरून परतताना पिठाचा डबा कॅरिअरवर, दोरी एकच वेढा, आणि मी अर्ध्या कैचीत, म्हणजे दांड्याखालून पाय घालून. पांदणीच्या तोंडाशी पुढचं चाक चाकोरीत गेलं. मी एका बाजूला, डबा दुसऱ्या बाजूला, आणि पीठ सगळीकडे. काळ्या मातीवर पांढरं पीठ इतकं छान दिसतं की क्षणभर मी नुसता बघतच राहिलो. आईनं वरवरचं चाळून घेतलं. आठवडाभर पोळीत खर लागत होती आणि कोणीही एक शब्द बोललं नाही. तीच शिक्षा.

पुढे कधीतरी दिएन बिएन फूची हकिगत वाचली तेव्हा वडिलांची आठवण झाली. १९५४ च्या १३ मार्च ते ७ मे या काळात व्हिएतनामी फौजांनी डोंगरातल्या फ्रेंच तळाला वेढा घातला. त्यांची रसद वाहायला वीस हजारांच्या वर सायकली होत्या. स्वार एकही नाही. सीटच्या नळीत एक उभा बांबू ठोकलेला, हँडलला दुसरा आडवा बांधलेला, माणूस शेजारी चालतो आणि बांबूंनी सायकल हाकतो. ओझं दोन्ही बाजूंना, खाली. दोनशे किलो म्हणजे रोजचं. मा वान थांग नावाच्या वाहकानं तर एका खेपेला ३५२ किलो नेल्याची नोंद आहे. तिकडे फ्रेंच सेनापती विमानांचे हिशेब करत बसले होते. त्या पठ्ठ्यांना आणि माझ्या वडिलांना एकच गोष्ट कळलेली होती : जड ओझं असेल तर सायकलीवर बसायचं नसतं.

बसून जाता येईल इतकं ओझं असलं तर मात्र सगळा हिशेब बदलतो. तेवढ्याच दमात सायकलवाला चालणाऱ्याच्या कितीतरी पट वाट तोडतो, पाचपट म्हणणारेही आहेत. आता ते वर्ध्याभोवतीचं वर्तुळ पुन्हा काढा. दुधाला तर वर्तुळ वेळाचं असतं. पहाटे चारला धार काढली तर सात-साडेसातपर्यंत ते गिऱ्हाईकाच्या पातेल्यात पडून तापलं पाहिजे, उन्हाळ्यात त्याच्याही आधी. तीन तासांत बाई डोक्यावर पंधरा लिटर घेऊन सहा-सात मैल येईल. सायकलवाला साठ लिटर घेऊन पंधरा मैल येतो. त्रिज्या दुपटीच्या वर गेली की वर्तुळाचं पोट चौपटीच्या वर जातं, हे शाळेतलं भूमितीचं गणित. तितकी नवी गावं वर्ध्याच्या चहात आली. कुठल्या ठरावानं हे घडलं नाही.

वर्ध्यात याला आणखी एक धागा आहे. जमनालालजींनी अखेरच्या दिवसांत सगळं सोडून गाईचं काम हाती घेतलं, गोसेवा संघ काढला, गोपुरीत झोपडी बांधून राहिले आणि ११ फेब्रुवारी १९४२ ला गेले. त्या विचारातून उभं राहिलेलं गोरस भांडार वर्ध्यात आजही गाईचं दूध विकतं, आणि त्याचा गोरसपाक घेतल्याशिवाय बाहेरगावचा पाहुणा स्टेशनवर जात नाही. गौळाऊ ही मुळात ओझ्याची, पळण्याची जात, दुधाला बेताचीच. तिचं थोडं थोडं दूध घराघरातून गोळा करून शहरात आणायचं, तर बैलगाडी परवडणारी नव्हती आणि मोटारीचा प्रश्नच नव्हता. तेव्हा बैलांच्या या जातीचं दूध शहरात पोचवायचं तर सायकल हवी होती.

मगनवाडीच्या तेलाचंही थोडंफार असंच. झवेरभाई पटेलांनी तिथे सुधारलेली बैलघाणी ‘वर्धा घाणी’ या नावानं देशभर गेली. घाणी फिरवायला बैल लागला, हे सगळ्या चित्रांत आहे. पिळलेल्या तेलाचा डबा दोन कोसांवरच्या दुकानात कोणी नेला, ते चित्रात नाही.

एक गोष्ट मात्र बोलायलाच हवी, आणि ती सायकलीच्या कौतुकात बसत नाही. आपल्या गौळणी आठवा. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या त्या बाया, डोक्यावर दह्याचे माठ. वाट अडवणारा असतो, मावशी असते, थट्टा असते, पण माठ बाईच्या डोक्यावर आणि विकल्याचे पैसे बाईच्या कनवटीला. डोईभर ओझं सायकलीवर चढलं तेव्हा बाईची मान सुटली. मान सुटली आणि तिचा बाजारही सुटला. दांड्याच्या सायकलीवर लुगड्यातली बाई बसणार कशी? दूध काढायची ती, गोठा झाडायची ती, पहाटे कॅन धरून ‘‘सोड’’ ऐकायची ती. घंटी वाजवत शहरात जायचा तो, हिशेब त्याच्या वहीत, पैसे त्याच्या बंडीत. येताना कधी तिच्यासाठी चहापत्तीची पुडी, कधी नाही. आमच्या शेजारच्या एका म्हातारीला मी विचारलं होतं, डोक्यावरचं ओझं गेलं तर बरं वाटलं असेल ना. ती म्हणाली, ‘‘वझं गेलं बाप्पा, पण वर्धा बी गेलं.’’ पुढे काही बोलली नाही.

सायकलीवर कापूसही आला. कापूस हे फसवं ओझं. वीस किलो कापसाचं गाठोडं इतकं फुगतं की मागून पाहिलं तर सायकल दिसत नाही, माणूस दिसत नाही, एक पांढरा डोंगर डुलत चाललेला दिसतो. अंगावर वारा आला की शिडाच्या होडीसारखी ती भलतीकडेच निघते. १९७२ मध्ये सरकारची एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागल्या. मालाला दिवसेंदिवस नंबर लागत नसे, आणि चुकारे तर त्याच्याही पुढे. घरात मीठ-मिरचीला पैसा हवा, म्हणून गाठोडंभर कापूस काढून संध्याकाळी गावच्या व्यापाऱ्याकडे न्यायचा, तो सायकलीवर आणि अंधार पडल्यावर. कायद्यात ते बसत नव्हतं. पोटात बसत होतं.

अंधारातल्या मालाची गोष्ट निघालीच आहे तर हेही सांगून टाकतो. गांधीजींचा जिल्हा म्हणून सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून वर्ध्यात दारूबंदी आहे. नदीच्या पलीकडे यवतमाळ, अमरावती, वरच्या अंगाला नागपूर, तिथे दुकानं उघडी. दारू कशातून येत असे? सायकलीच्या ट्यूबमधून. चाकातल्या नव्हे, तिच्यात हवाच बरी. जुन्या ट्यूबची दोन्ही टोकं वळून बांधायची, आत मोहाची भरायची, आणि ती गार, लिबलिबीत, अजगरासारखी वस्तू गवताच्या भाऱ्यात गुंडाळून कॅरिअरला. वरून पाहणाऱ्याला वैरण. वास येऊ नये म्हणून भाऱ्यावर शेणाचं पाणी शिंपडणारे होते. युद्धात ज्या ट्यूबसाठी लोक तळमळले, तिचा असा उपयोग होईल हे कोणाच्या स्वप्नात नव्हतं. ज्यांनी हा धंदा केला त्यांच्या सायकली मात्र गावात सगळ्यात उत्तम असायच्या. तेलपाणी वेळच्या वेळी, चेन चकचकीत, खडखडाट नाही. रात्री आवाज करणारी सायकल त्यांना चालत नव्हती.

ओझ्याच्या सायकलीचा शेवट इंजिनानं केला. १९७२ मध्ये पुण्याहून लूना आली. ती मुळात सायकलच, पायडलसकट. दूधवाल्यांनी तिला हात लावून पाहिला, पण साठ लिटरला ती चढावर रडायची. मग ऐंशीच्या दशकात एम-८० आली आणि गावोगावच्या दूधवाल्यांनी ती डोक्यावर घेतली. ती बनवणारी कंपनी बजाज. आणि ही कंपनी १९४५ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं नाव होतं बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन. बच्छराज म्हणजे वर्ध्याचे सेठ बच्छराज, ज्यांच्या घराण्यात जमनालाल दत्तक आले. जमनालालजींनी मोटारीला बैल जुंपले होते. त्यांच्या घराच्या नावानं निघालेल्या कंपनीनं दुधाच्या कॅनला इंजिन जुंपलं. पवनारच्या पुलावर पहाटे घंट्या ऐकू यायच्या, तिथे फटफट ऐकू येऊ लागली. पंधरा मैलांचं वर्तुळ तीस मैलांचं झालं, आणि मग डेअरीची गाडीच गावात येऊ लागली.

सायकल ज्यांच्याकडे राहिली ते इंजिन न परवडणारे. भंगारवाला, धार लावणारा, कुल्फीवाला, फवारणीचा पंप आणि पाण्याची कॅन घेऊन वावरात जाणारा मजूर. त्यांच्यापैकी कोणाची सायकल थांबवून तारा मोजल्या तर मागे चाळीस भरतीलच असं नाही. दोन-तीन तुटलेल्या असतात आणि बदललेल्या नसतात. चाक आऊट होऊन डुलत राहतं.

एम-८० सुद्धा आता जुनी झाली, तिच्या जागी मोटारसायकली आहेत. परवा बॅचलर रोडवर एका मोटारसायकलवाल्या दूधवाल्यामागे थांबलो होतो. मागे लोखंडी चौकट, तिला चार कड्या, कड्यांत कॅन. कड्या जाड होत्या, घासून घासून आतून चकाकत होत्या, आणि मोटारसायकलपेक्षा कितीतरी जुन्या दिसत होत्या. विचारलं तर म्हणाला, ‘‘आबाच्या सायकलीच्या हायेत. लोहाराकडून तोडून घेतल्या. अशा आता कोणी करून नाही देत.’’ डावीकडच्या कॅनची आतली बाजू चेपलेली होती, एका आडव्या सरळ रेषेत. तिथे सायकलीच्या मागच्या चाकाचा नट घासत असणार.